प्रवाळ वाचवायचे तर आधी तरंगायला शिका

कमरेला शिशाची वजने, पाठीवर हवेने भरलेला सिलिंडर आणि पायांत हातभर लांबीचे फिन अशा सरंजामानिशी समुद्रात उतरलेल्या माणसाला आपले शरीर नेमके कोठे संपते, याचा अंदाज राहत नाही. समोरचा रंगीत मासा पाहण्याच्या नादात तो पाय मारतो आणि मागे, त्याच्या नजरेआड, फिनचा फटका बसून प्रवाळाची एखादी फांदी तुटते. त्याला ते कळतही नाही. निरनिराळ्या समुद्रांत हौशी पाणबुड्यांवर लक्ष ठेवून जी निरीक्षणे करण्यात आली, त्यांतून ही गोष्ट वारंवार पुढे आली आहे. प्रवाळांना होणारे बहुतेक स्पर्श हेतुपुरस्सर नसतात आणि त्यांतील सर्वांत मोठा वाटा फिनचा असतो. म्हणजेच हा प्रश्न निसर्गप्रेमाचा आहे त्याहून अधिक कौशल्याचा आहे. समुद्राविषयी मनापासून आस्था असलेला, पण पाण्यात स्वतःला सावरता न येणारा माणूस प्रवाळांच्या दृष्टीने धोकादायकच.

मालवण-तारकर्ली, गोव्याजवळचे ग्रांद बेट, कर्नाटकातील मुर्डेश्वरसमोरचे नेत्राणी, अंदमान आणि लक्षद्वीप या ठिकाणी स्कूबा डायव्हिंगसाठी जाणाऱ्या मराठी पर्यटकांची संख्या आता नगण्य राहिलेली नाही. सहलीच्या जाहिरातींत पाण्याखालच्या छायाचित्रांना मानाचे स्थान असते. मात्र त्या छायाचित्रातील माणूस कशावर टेकला आहे किंवा कशाला धरून उभा आहे, याकडे सहसा कोणी पाहत नाही.

प्रवाळ दिसायला दगड किंवा झुडूप वाटले, तरी ती प्राण्यांची वसाहत असते. बहुधा काही मिलिमीटर आकाराचे असंख्य पॉलिप एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातून घेतलेल्या चुन्याचा सांगाडा आपल्याखाली रचत जातात. जिवंत भाग म्हणजे या सांगाड्यावरचा पातळ थर, एवढेच. या थरातील पेशींमध्ये सूक्ष्म शैवाले वस्तीला असतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा हिस्सा पॉलिपला मिळतो. प्रवाळाचा रंगही बव्हंशी या भाडेकरूंमुळेच येतो. हाताने किंवा गुडघ्याने दाब दिला, की वरचे श्लेष्माचे संरक्षक आवरण पुसले जाते आणि मऊ पेशी खालच्या धारदार सांगाड्यावर चिरडल्या जातात. त्या जखमेवर शैवाल, स्पंज किंवा रोगजंतू बस्तान बसवतात. गोलाकार, दगडासारखी वाढणारी प्रवाळे वर्षाकाठी साधारणपणे अर्धा ते २ सेंटिमीटर वाढतात. फांद्या फुटणाऱ्या काही जातींची वाढ वर्षाला १० सेंटिमीटरपर्यंत असते, पण मोडतातही नेमक्या त्याच. ढोपराएवढा एखादा गोळा अनेक वर्षांच्या वाढीने तयार झालेला असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे क्षणभर टेकण्याची किंमत कळते.

स्पर्श न करताही नुकसान करता येते. तळाशी जवळून पोहताना फिनच्या माऱ्याने वाळू आणि गाळ उसळतो व हळूहळू प्रवाळांवर बसतो. प्रवाळाला तो श्लेष्माच्या साहाय्याने झटकावा लागतो, त्यात त्याची शक्ती खर्च होते, आणि थर जाड असेल तर खालच्या पेशी गुदमरून मरतात.

याचा एकत्रित परिणाम किती होतो? थायलंडमधील कोह ताओ हे बेट डायव्हिंगचे प्राथमिक शिक्षण घेणाऱ्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तेथील १० प्रवाळभित्तींची तुलना करणारा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे पाणबुड्यांची वर्दळ कमी होती, तेथे सरासरी ७९ टक्के प्रवाळे निरोगी आढळली. जेथे वर्दळ जास्त होती, तेथे हे प्रमाण ४५ टक्क्यांवर आले होते आणि रोगाचे प्रमाण सुमारे तिप्पट होते. मोडतोडीच्या खुणा आणि गाळामुळे मेलेल्या पेशी यांचे प्रमाणही अशा ठिकाणी अधिक होते.

अर्थात, पाणबुड्यांना प्रवाळांचा मुख्य शत्रू ठरवणे अन्यायाचे होईल. तापत चाललेला समुद्र हे खरे संकट आहे. पाण्याचे तापमान काही आठवडे नेहमीपेक्षा अंशभर जरी वाढून राहिले, तरी प्रवाळातील शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात असे जगव्यापी विरंजन झाले. चौथ्या जगव्यापी विरंजनाची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये करण्यात आली. जागतिक पाहणीनुसार २००९ ते २०१८ या काळात जगातील सुमारे १४ टक्के प्रवाळ नष्ट झाले. यापुढे फिनच्या फटक्याची ती काय मातबरी, असे कोणी म्हणेल. परंतु पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मरत नाही. पाणी वेळेत थंड झाले तर ते सावरू शकते, आणि नेमक्या त्याच काळात त्याला इतर कोणताही त्रास सोसण्याची ताकद नसते. २०१०च्या विरंजनानंतर थायलंडने २०११च्या जानेवारीत १८ लोकप्रिय डायव्हिंग स्थळे बंद केली, ती याच कारणाने. समुद्राचे तापमान उतरवणे एकट्या-दुकट्या पर्यटकाच्या हाती नाही. आपले गुडघे कोठे टेकतात, हे मात्र पूर्णपणे त्याच्याच हाती आहे.

शिशाचे ओझे आणि श्वासाचे गणित

पाणबुड्याच्या सर्व कौशल्यांचे मूळ एकच आहे : पाण्यात ना बुडायचे, ना वर यायचे, आहे त्या पातळीवर स्थिर राहायचे. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व येथे अंगाने अनुभवायला मिळते. शरीराने व सामानाने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन आणि शरीर व सामान यांचे स्वतःचे वजन समान झाले, की माणूस अधांतरी राहतो. प्रशिक्षकांच्या भाषेत हा 'न्यूट्रल बॉयन्सी'चा टप्पा. तो साधण्यासाठी पाणबुड्याकडे तीन साधने असतात. शिशाची वजने, हवा भरता-सोडता येणारे जॅकेट, ज्याला 'बीसीडी' म्हणतात, आणि स्वतःची फुफ्फुसे. नवशिक्या माणसाचा सगळा भर पहिल्या दोहोंवर असतो. मुरलेल्या पाणबुड्याचा भर तिसऱ्यावर असतो.

बिघाडाची सुरुवात बहुधा वजनांपासून होते. नवख्या माणसाला खाली जाता यावे म्हणून प्रशिक्षक त्याच्या पट्ट्यात एखाद-दोन किलो शिसे जास्तच घालतो. घाबरलेला माणूस छाती भरून श्वास घेतो व तो पूर्ण सोडत नाही, त्यामुळे तो वर तरंगत राहतो, आणि त्यावर उपाय म्हणून आणखी वजन. समजण्यासारखी सवय आहे, पण पुढच्या साऱ्या अडचणी तिच्यातूनच निघतात. जास्तीचे वजन सावरण्यासाठी जॅकेटमध्ये जास्तीची हवा भरावी लागते. ही हवा खोलीनुसार आकुंचन-प्रसरण पावते, म्हणून माणूस जरा वर आला की अधिकच वर ओढला जातो आणि जरा खाली गेला की दगडासारखा खाली जातो. शिवाय हवा छातीपाशी व शिसे कमरेला, अशा रचनेमुळे धड वर आणि पाय खाली असे शरीर तिरके होते. मग प्रत्येक लाथ सरळ तळावर, म्हणजे प्रवाळांवर बसते.

योग्य वजन किती, हे ठरवण्याची रीत सोपी आहे, पण ती पाळणारे थोडे. सर्व साहित्य अंगावर चढवून, पाण्यात सरळ उभे राहून जॅकेटमधील हवा पूर्णपणे काढून टाकावी आणि नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर स्थिर व्हावे. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आली आणि श्वास सोडल्यावर शरीर हळूहळू खाली जाऊ लागले, तर वजन योग्य आहे असे समजावे. ही चाचणी सिलिंडर जवळजवळ रिकामा असताना घ्यावी, कारण हवेलाही वजन असते. नेहमीच्या वापरातील अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे ११ लिटर आकारमानाचा असतो. २०० बार दाबाने भरला की त्यात साधारण २,२०० लिटर हवा मावते आणि तिचे वजन अडीच किलोंहून अधिक भरते. बुडी संपताना त्यातील ५० बार शिल्लक राहिले, तर पाणबुडा जवळपास २ किलोंनी हलका झालेला असतो. सुरुवातीला अगदी बरोबर वाटलेले वजन शेवटी कमी पडते ते यामुळे. चाचणी भरलेल्या सिलिंडरने घेतली, तर हे २ किलो हिशेबात धरावेत.

तरणतलावात शिकून समुद्रात उतरणाऱ्यांनी आणखी एक फरक ध्यानी घ्यावा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. त्यामुळे साहित्यासह ९०-१०० किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात सुमारे सव्वादोन ते अडीच किलो जास्त वजन लागते. वेटसूट जाड असेल तर त्याहूनही अधिक, कारण त्याच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात. खोलवर हे बुडबुडे दबून सूट पातळ होतो आणि त्याची तरंगण्याची शक्ती घटते. म्हणून प्रत्येक नव्या ठिकाणी, नव्या सूटबरोबर ही चाचणी पुन्हा करायला हवी. मागच्या सहलीत लागलेला आकडा पाठ करून ठेवण्यात अर्थ नाही.

आता श्वासाकडे. साधारण शांत श्वासाबरोबर अर्धा लिटर हवा आत जाते, दीर्घ श्वासाबरोबर त्याच्या कितीतरी पट. १ लिटर हवेने छाती फुगली, की १ किलोहून थोडे अधिक पाणी बाजूला सारले जाते, म्हणजेच पट्ट्यातून १ किलो शिसे काढून टाकल्यासारखे होते. समोर प्रवाळाचा उंचवटा आला, तर जॅकेटच्या बटणाकडे हात नेण्याची गरज नाही. किंचित जास्त श्वास घ्यावा आणि वाट पाहावी. वाट पाहणे महत्त्वाचे, कारण परिणाम दिसायला दोन-तीन सेकंद लागतात. नवशिक्या तेवढा धीर धरत नाही, हातपाय मारतो, आणि हेलकावे सुरू होतात. अनुभवी माणूस उंचवट्यापाशी पोहोचण्याआधीच श्वास घेऊन मोकळा झालेला असतो.

मात्र याचा अर्थ श्वास रोखून धरणे असा मुळीच नव्हे. सिलिंडरमधील हवा घेणाऱ्याने श्वास कोंडून वर येणे जिवावर बेतू शकते. वर येताना दाब कमी होतो, कोंडलेली हवा प्रसरण पावते आणि फुफ्फुसाला इजा होते. श्वास चालूच ठेवायचा, फक्त त्याची पातळी थोडी वर किंवा थोडी खाली न्यायची. गवयी जसा दम न तोडता स्वर लांबवतो, तसे काहीसे हे आहे.

उथळ पाणी सोपे, असा एक समज आहे. भौतिकशास्त्र नेमके उलट सांगते. पृष्ठभागावरून १० मीटर खाली गेले, की दाब दुप्पट होतो आणि जॅकेटमधील हवेचे आकारमान निम्म्यावर येते. २० मीटरवरून ३० मीटरवर जाताना मात्र ते मूळच्या एक तृतीयांशावरून एक चतुर्थांशावर, म्हणजे थोडेच बदलते. पहिल्या १० मीटरमध्ये स्थिर राहणे म्हणूनच सर्वांत अवघड. सूर्यप्रकाशावर जगणारी प्रवाळे दाट वाढतात ती याच पट्ट्यात, आणि नवख्यांना पहिल्या बुडीसाठी नेले जाते तेही येथेच.

जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये आधुनिक स्कूबाचे यंत्र तयार केले, तेव्हा फुगवता येणारी जॅकेटे नव्हती. पुढची कित्येक वर्षे पाणबुडे नेमके वजन आणि श्वास यांवरच भागवत होते. सोय झाली आणि सराव सुटला, असे येथेही झालेले दिसते.

आडवे राहणे

स्थिरतेनंतरचा मुद्दा शरीराच्या ठेवणीचा. पाणबुडा तळाशी समांतर, पोटावर झोपल्यासारखा आडवा असावा, गुडघे काहीसे दुमडलेले आणि फिन शरीराच्या रेषेत किंवा किंचित वर. पाय खाली ओढले जात असतील, तर कमरेची काही वजने वर, सिलिंडरच्या पट्ट्यावर किंवा जॅकेटच्या वरच्या कप्प्यांत हलवून पाहावीत. सिलिंडर थोडा वर सरकवल्यानेही फरक पडतो. प्रत्येकाच्या शरीराची घडण वेगळी असल्याने याचे एकच सूत्र नाही. पाण्यात काहीही न हलवता पडून राहावे, शरीर कोणत्या बाजूला कलते ते बघावे आणि त्यानुसार वजने हलवावीत, हीच रीत.

पाय मारण्याच्या पद्धतीबाबत फारसे शिकवलेच जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. वर-खाली कात्रीसारखे पाय मारण्याची पद्धत उघड्या पाण्यात ठीक. प्रवाळांजवळ किंवा गाळाच्या तळावर तिच्यामुळे पाण्याचा झोत सरळ खाली जातो. बेडकासारखे पाय बाजूला फाकवून मागे ढकलण्याची 'फ्रॉग किक' अशा ठिकाणी योग्य, कारण तिचा झोत मागे जातो. ब्रेस्टस्ट्रोक येणाऱ्याला ती लवकर जमते. एक फिन हलवून जागच्या जागी वळणे आणि उलटी लाथ मारून मागे सरकणे, ही आणखी दोन कौशल्ये. मागे सरकता येणारा पाणबुडा अरुंद जागेत शिरला तरी काही न मोडता बाहेर येऊ शकतो. ज्याला ते येत नाही, तो प्रवाळाला हात लावून स्वतःला मागे ढकलतो.

लोंबकळणाऱ्या वस्तूंचाही बंदोबस्त हवा. हवेचा दाब दाखवणारे मीटर, संकटकाळासाठी असलेला दुसरा रेग्युलेटर, टॉर्च या गोष्टी सुट्या सोडल्या की नांगरासारख्या तळावरून ओढल्या जातात. त्या जॅकेटला अडकवायला अर्धा मिनिट लागतो.

हात छातीशी जुळवून ठेवावेत. हातांनी पाणी कापण्याची सवय पोहणाऱ्यांना असते, पण स्कूबात हात काहीच उपयोगाचे नसतात, आणि रिकामा हात काहीतरी धरू पाहतो. कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटावर १९७९ मध्ये सागरी उद्यान स्थापन झाले. तेथे हौशी पाणबुड्यांना हातमोजे घालण्यास मनाई आहे. हाताला खरचटण्याची भीती असली, की माणूस आपोआप अंतर राखतो, हा त्यामागचा साधा विचार. प्रवाळभित्तीवर झोंबणारे अग्निप्रवाळ आणि दगडाशी एकरूप होऊन बसणारा विषारी दगडमासा असतात, हेही हात आवरण्यास पुरेसे कारण आहे.

या सरावासाठी प्रवाळभित्ती ही जागा नव्हे. तरणतलावात किंवा वाळूच्या तळावर, तळापासून हातभर उंचीवर मिनिटभर न हलता राहता येते का, ते आधी पाहावे. प्रत्येक बुडीच्या शेवटी ५ मीटर खोलीवर ३ मिनिटे थांबण्याची पद्धत आहे. हा थांबा दोरीला न धरता, खोलीच्या आकड्यावर नजर ठेवून पाळावा. आकडा अर्ध्या मीटरहून जास्त हलला नाही, तर सराव योग्य दिशेने चालला आहे असे समजण्यास हरकत नाही. 'पाडी'सारख्या संस्थांचे पहिले प्रमाणपत्र समुद्रातील चार प्रशिक्षण-बुड्यांनंतर मिळते. चार बुड्यांत प्राथमिक सुरक्षितता शिकून होते, तरबेजपणा येत नाही. बॉयन्सीसाठी वेगळा छोटा अभ्यासक्रम असतो आणि माझ्या मते खोल पाण्याच्या किंवा रात्रीच्या बुडीच्या अभ्यासक्रमाआधी पैसे खर्च करावेत ते यावर.

नुसत्या सूचनेने भागत नाही

पाणबुड्यांना होडीवर चार शब्द सांगितले तर फरक पडतो का? यावर दोन अभ्यास प्रसिद्ध आहेत आणि वरवर पाहता ते परस्परविरोधी आहेत. इजिप्तमधील रास मोहम्मद या तांबड्या समुद्रावरील राष्ट्रीय उद्यानात केलेला पहिला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. तेथे पाणबुड्यांना प्रवाळांविषयी सचित्र माहिती देण्यात आली, आणि मग पाण्यात नेऊन जिवंत प्रवाळ कोणते व निर्जीव खडक कोणता, हे प्रत्यक्ष दाखवण्यात आले. त्यानंतर दर ७ मिनिटांमागे होणारे स्पर्श सरासरी १.४ वरून ०.४ वर आले. दुसरा अभ्यास कॅरिबियनमधील सेंट लुशिया बेटावरचा, नोला बार्कर आणि कॅलम रॉबर्ट्स यांनी केलेला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३५३ पाणबुड्यांचे निरीक्षण होते. तेथे नेहमीच्या सूचनांमध्ये 'प्रवाळांना स्पर्श करू नका' अशा अर्थाचे एक वाक्य घालण्यात आले. त्याचा परिणाम शून्य. मात्र मार्गदर्शकाने पाण्यातच, स्पर्श करणाऱ्याला तिथल्या तिथे खुणावले, तेव्हा मिनिटाला ०.३ असलेले स्पर्शांचे प्रमाण ०.१ वर आले.

दोन्ही एकत्र वाचले तर विसंगती राहत नाही. कोरडी सूचना होडीवरच राहते. पाण्यात दाखवलेली आणि पाण्यात दुरुस्त केलेली गोष्ट उपयोगी पडते. पोहणे, सायकल किंवा तबला शिकलेल्या कोणालाही यात आश्चर्य वाटणार नाही. बोनेरमध्ये म्हणूनच बेटावर येणाऱ्या पाणबुड्याला, तो कितीही अनुभवी असो, आधी माहितीचे सत्र आणि मग एक चाचणी-बुडी पूर्ण करावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००४ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रीन फिन्स' या उपक्रमातही भर पर्यटकांपेक्षा डायव्हिंगचा व्यवसाय करणाऱ्यांवर आहे.

सेंट लुशियाच्या अभ्यासातील आणखी एक आकडा आजच्या काळात विशेष बोलका आहे. कॅमेरा बाळगणाऱ्यांचे स्पर्श मिनिटाला सरासरी ०.४ होते, इतरांचे ०.१. तेव्हा पाण्याखालचा कॅमेरा ही मोजक्यांची चैन होती. आता काडीच्या टोकाला छोटा कॅमेरा लावून उतरणारे सर्वत्र दिसतात. लक्ष पडद्यावर, एक हात अडकलेला, आणि मासा पळून जाऊ नये म्हणून श्वास धरलेला. अशा स्थितीत स्थिर राहणे मुरलेल्यालाही कठीण. थायलंडने २०२५ मध्ये प्रवाळक्षेत्रात कॅमेरा वापरणाऱ्या पाणबुड्यांना अनुभवाची अट लागू केली, ती अनाठायी नाही. छायाचित्रणाची हौस असणाऱ्यांनी आधी कॅमेऱ्याविना स्थिर राहता येते का, हे पाहावे. रात्रीच्या बुडीतही तेच. त्या बेटावर रात्री मिनिटाला सरासरी १ स्पर्श नोंदवला गेला, दिवसा ०.४.

मालवणचे निराळेपण

आतापर्यंतचे विवेचन शिकलेल्या पाणबुड्याला धरून झाले. आपल्याकडे मात्र समुद्राखाली जाणाऱ्यांतील मोठा वर्ग अशा कोणत्याही शिक्षणाविना जातो. मालवणच्या किनाऱ्यावर पोहता न येणाऱ्यालाही थोड्या वेळाच्या तयारीनंतर पाण्याखाली नेण्यात येते. मार्गदर्शक त्याला मागून धरून ठेवतो, त्याच्या जॅकेटमधील हवा तोच सांभाळतो. पर्यटकाला स्वतःच्या तरंगण्यावर कसलेही नियंत्रण नसते. या पद्धतीला नाके मुरडण्याचे कारण नाही. किनाऱ्यावरील अनेक तरुणांना तिने रोजगार दिला आहे, आणि समुद्र आतून पाहिलेला माणूस त्याच्याविषयी थोडा अधिक विचार करतो. पण येथे प्रवाळांचे रक्षण पर्यटकाच्या नव्हे, तर मार्गदर्शकाच्या कौशल्यावर अवलंबून असते. दोन शरीरांचा तोल एकट्याने सांभाळत, लाटांच्या ओढीत, मर्यादित दृश्यमानतेत प्रवाळांपासून अंतर राखणे हे काम कसलेल्या पाणबुड्याचे आहे. एका माणसामागे एक मार्गदर्शक असेल आणि घाई नसेल, तरच ते नीट होते.

मालवणची प्रवाळे अंदमानसारखी विस्तीर्ण नाहीत. पावसाळ्यात नद्या-खाड्यांचा गाळ आणि गोडे पाणी समुद्रात येते, त्या स्थितीत तग धरून राहिलेल्या या तुरळक वसाहती आहेत. म्हणूनच त्यांतील प्रत्येक गोळ्याला मोल आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या परिसरात १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्याच्या मर्यादांवरून मच्छीमारांची नाराजी जुनी आहे आणि तिची बाजू ऐकून घेण्यासारखी आहे. पण प्रवाळ टिकले पाहिजे, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही, कारण खडकांच्या आसऱ्याने वाढणारी मासळी अखेर जाळ्यातच येते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. किनाऱ्यावरच्या मार्गदर्शकांना पाण्यातील ठेवणीचे वेगळे, काटेकोर शिक्षण देता आले, तर पर्यटकांसाठी फलक लावण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

पर्यटकाच्या हाती काय उरते? ठिकाण निवडताना चार गोष्टी विचारणे. होडी प्रवाळावर नांगर टाकते की कायमच्या बांधलेल्या बोयाला लावते? एक नांगर एका फेऱ्यात जेवढी मोडतोड करतो, तेवढी कित्येक पाणबुडे मिळूनही करत नाहीत. एका मार्गदर्शकामागे किती माणसे? उतरण्यापूर्वी उथळ पाण्यात थोडा सराव करून घेतात का? आणि पाण्याखाली छायाचित्रासाठी खडकावर उभे करतात का, माशांची गर्दी जमावी म्हणून पाव-बिस्किटे टाकतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तर दुसरीकडे जावे. स्वस्तात मिळणाऱ्या बुडीत काटछाट होते ती बहुधा मार्गदर्शकांच्या संख्येत आणि वेळेत.

त्वचेला लावायच्या सनस्क्रीनविषयीही विचारणा होते. ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाई राज्यात २०२१ पासून बंदी आहे, पालाऊने २०२० मध्येच ती आणली. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घातला, तर हा प्रश्न बराचसा निकालात निघतो.

मोडून पडलेला प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून खिशात घालण्याचा मोह अनेकांना होतो. खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांचा दर्जा वाघाच्या बरोबरीचा आहे. तुकडा जिथे आहे तिथेच राहू द्यावा. फांदीवर जिवंत पेशी शिल्लक असतील आणि ती वाळूत गाडली गेली नसेल, तर एखादे वेळी ती पुन्हा खडकाला धरून वाढू लागते.